आधी चाक, मग फ्रेम: सहा फूट चार इंच उंचीच्या रायडरची मापाची सायकल

तुमचं पत्र लांब होतं, म्हणून त्यातला गाभा आधी मांडतो. उंची १९३ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, इनसीम (जांघेपासून तळव्यापर्यंतची पायाची लांबी) ९३ सेंटिमीटर. सध्याची एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल ६१ मापाची, त्या कंपनीची सगळ्यात मोठी. हँडल वर यावं म्हणून स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) चार सेंटिमीटर स्पेसर, म्हणजे कड्या, घातलेत, तरी २०० किलोमीटरच्या पुढे तळहात बधिर होतात. वर्षभरात मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले, त्यातले दोन डाव्या बाजूचे. पसरणी घाट वाईकडे उतरताना एकदा हँडल असं थरथरू लागलं की तुम्ही देवाचं नाव घेतलंत. आता मापाची टायटॅनियम फ्रेम बनवून घेताय, डोळ्यांपुढे २०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली १२०० किलोमीटरची राइड आहे. दुकानदाराने ५० मिलिमीटर खोलीची हुकलेस (टायर पकडणारी आतली कड नसलेली) कार्बन चाकं सुचवलीत, पुढे २० स्पोक आणि मागे २४. फ्रेमचा आराखडा बरोबर आहे का आणि ही चाकं घेऊ का, असे तुमचे दोन प्रश्न.

चाकं घेऊ नका. फ्रेमच्या आराखड्यावर अजून सही करू नका. आणि दोन्ही प्रश्नांचा क्रम उलटा करा, कारण टायर किती रुंद, रिम कोणती, मडगार्ड लागणार का, हे ठरल्याशिवाय चेनस्टेची (बीबीपासून मागच्या आसापर्यंतच्या नळीची) लांबी, बीबीची (पेडलांच्या आसाची) उंची आणि फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या काट्यातली) जागा ठरवता येत नाही. बहुतेक जण फ्रेमवर वर्षभर खल करतात आणि उरलेल्या पैशांत चाकं घेतात. पंचावन्न किलोच्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही. तुमचं बिघडतं, आणि बिघडलेलंच आहे.

तुमचे स्पोक का तुटले? लोकांना वाटतं, वजन जास्त म्हणून ताणाने तुटले. तसं नसतं. उभ्या चाकात हब वरच्या स्पोकना लटकत नाही. जमिनीला टेकलेल्या भागातल्या चारदोन स्पोकचा ताण कमी होतो आणि त्यावर चाक भार पेलतं. योब्स्ट ब्रँट या अमेरिकी इंजिनिअरने हे हिशोबासह पटवून दिलं होतं. गंमत म्हणजे तो स्वतःही तुमच्यासारखाच ताडमाड होता. चाक फिरताना प्रत्येक स्पोक दर फेरीला एकदा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. ३२ मिलिमीटरचा टायर एका फेरीत साधारण २.१५ मीटर जातो, म्हणजे ६०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब राइडमध्ये) प्रत्येक स्पोक सुमारे २,७९,००० वेळा सैल-ताठ होतो. स्पोक हबच्या भोकात जिथे वाकतो तिथे तार थकते आणि एक दिवस टक् करून जाते.

आता डावी बाजू. मागच्या हबवर उजवीकडे कॅसेट (दातेरी चकत्यांचा गठ्ठा) असते, म्हणून उजवी फ्लँज (स्पोक अडकवायची कडा) आत सरकलेली आणि त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे. रिम मधोमध ठेवायची तर उजव्यांना ११० ते १२० किलोचा ताण द्यावा लागतो आणि डाव्यांच्या वाट्याला त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्त येतो. तुमचं बूड त्या चाकावर, चढावर तर जास्तच. २४ स्पोकांच्या चाकात डावीकडे बाराच, त्यांचा मुळातला ताण कमी, त्यामुळे खड्ड्यात ते पूर्ण सैल पडतात. सैल पडलेला स्पोक एकतर निप्पलमधून (रिममधल्या त्याच्या नटातून) हळूहळू उलगडतो, नाहीतर वाकणातून तुटतो. कोपऱ्यावरच्या दुकानात दर वेळी ‘आऊट काढून’ दिला असेल, पण आऊट निघाला म्हणजे ताण सारखा झाला असं नाही. चाक सरळ फिरतं आणि तरी आतून असमान असतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. चाकं विणायला लागलो त्या सुरुवातीच्या काळात एका धिप्पाड मित्राला हौसेने २४ स्पोकांचं मागचं चाक विणून दिलं. हलकं होतं, दिसायला देखणं. निपाणीच्या अलीकडे रात्री अडीच वाजता त्याचा डावा स्पोक तुटला, रिम चेनस्टेला घासू लागली आणि तो ट्रकमध्ये बसून परत आला. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर ९० किलोच्या पुढच्या माणसाला मागे ३२ पेक्षा कमी स्पोक मी विणून देत नाही, कितीही गळ घातली तरी.

गावातल्या दूधवाल्याची जुनी काळी सायकल आठवा. पुढच्या चाकात ३२ स्पोक आणि मागच्यात ४०. ही पद्धत इंग्रजांच्या रोडस्टरवरून आली आणि आपल्याकडे टिकली, कारण मागे कॅन लटकणार, बायको बसणार, पोतं ठेवलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भार मागे जास्त, म्हणून तारा मागे जास्त. कार्बनच्या जमान्यात हे साधं गणित आपण विसरलो.

तर तुमच्यासाठी मी हे विणलं असतं: मागे ३२ स्पोक, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक इतर तिघांना छेदतो), भोकं एका बाजूला सरकलेली असिमेट्रिक रिम मिळाली तर तीच, म्हणजे डाव्या-उजव्या ताणातला फरक कमी होतो. उजवीकडे २.०-१.८-२.० मिलिमीटरचे बटेड (मध्ये बारीक) स्पोक. डावीकडे मध्यभागी आणखी बारीक, १.५ चे. बारीक तार कमी ताणातही जास्त लांबते, म्हणून खड्ड्यात लवकर सैल पडत नाही. ‘मी जड, मला जाड तार द्या’ हे ऐकायला बरोबर वाटतं, पण सैल बाजूला ते उलटं पडतं. निप्पल पितळी. ॲल्युमिनियमचे निप्पल थोडे ग्रॅम वाचवतात आणि कोकणातल्या दमट हवेत, घामात, पावसात दोन वर्षांत रिमशी असे चिकटतात की किल्ली लावली की गोल होऊन जातात.

रिम ॲल्युमिनियमची, आतून २० ते २२ मिलिमीटर रुंद, कडेला हुक असलेली. एचईडी बेल्जियम प्लस किंवा डीटी स्विसची आर ४७० या वर्गातली कुठलीही चालेल. हब असा घ्या ज्याचे बेअरिंग आणि फ्रीहबचे भाग इथे मिळतात. डीटी ३५० मला आवडतो कारण रॅचेट हाताने उघडून साफ करता येतो, पण शिमानोचा कप-कोनवाला हब ग्रीस बदलत राहिलात तर वर्षानुवर्षं चालतो. पुढच्या चाकात डायनॅमो हब (चाक फिरताना वीज बनवणारा) घाला. तो ३ वॅट देतो, आजच्या एलईडी दिव्याला भरपूर. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये ९० तासांत किमान तीन रात्री सायकलवर जातात, आणि पहाटे चारला पॉवर बँक संपल्याचा शोध लागणं हा अनुभव टाळता येण्याजोगा आहे. डायनॅमो असल्यामुळे पुढेही ३२ स्पोक सोयीचे पडतात. डिस्क ब्रेकचा ओढाही त्याच चाकावर येतो, म्हणून तीन क्रॉसच.

हुकलेसबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथे तुमचं वजन थेट आडवं येतं. हुकलेस रिमवर हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. तुम्ही, सायकल, पाणी, पिशव्या मिळून ११५ किलो तरी होतात. त्यातले साठ टक्के मागच्या चाकावर. एवढ्या भाराला २८ चा टायर लावला तर मागे ८० च्या वर हवा लागते, म्हणजे मर्यादा ओलांडली. ३२ चा लावला तर ७०-७५, म्हणजे काठावर. उन्हात सायकल उभी राहिली, पंपाचा काटा थोडा खोटा निघाला, की गेलात पलीकडे. शिवाय आतून २५ मिलिमीटर रुंद हुकलेस रिमवर किमान २९ चा टायर हवा असं मानक सांगतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये बेल्जियमचा शर्यतपटू थॉमस द गेंड पडला आणि टायर रिमवरून निघाला, तेव्हा या विषयावर बरीच आरडाओरड झाली. त्या प्रसंगात नक्की दोष कशाचा यावर मी बोलणार नाही. पण ६० किलोच्या माणसाला जी मोकळी जागा हुकलेस देतो ती तुम्हाला देत नाही. अनेक कार्बन चाकांवर ११० किंवा १२० किलोची मर्यादा असते, तीही बऱ्याचदा रायडरची नाही, सायकलसकट. पत्रक नीट वाचा.

आणि खोल रिमचा फायदा? वाऱ्यात खरा आहे, नाकारत नाही. पण तुमच्या बाबतीत वारा अडवतात ते तुमचे खांदे. उंच माणसाचं शरीर शिडासारखं. साताऱ्याच्या आसपास चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तिथल्या आडव्या वाऱ्यात ५० मिलिमीटरची पुढची रिम हँडल हिसकते आणि शिमीची (वेगात हँडल आपोआप थरथरण्याची) भीती मनात बसलेल्या माणसाने ते सहन करावं असं मला वाटत नाही. वजनाचं म्हणाल तर माझी चाकं त्या कार्बन जोडीपेक्षा ४०० ग्रॅम जड धरा. ११५ किलोत ४०० ग्रॅम म्हणजे ०.३५ टक्के. एक तासाच्या चढाला तेरा सेकंद. फिरत्या वजनाचा बागुलबुवा वेग पुन्हापुन्हा वाढवणाऱ्या शर्यतवाल्यांना. खंबाटकीत आठच्या वेगाने चढणाऱ्याला नाही. तेवढी सेकंदं चहाच्या टपरीवर परत मिळतात.

टायर मागे ३५, पुढे ३२ लावा. मागे ६५ च्या आसपास हवा पुरेल, मग हातानेच तपासून दोन-चार कमी-जास्त करा. आपल्या महामार्गावर पंक्चरचं मुख्य कारण काच नाही, फुटलेल्या ट्रक टायरमधून निघालेली केसासारखी तार. ट्यूबलेस द्रव ती भोकं बहुतेक वेळा बुजवतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो दोन महिन्यांत सुकतो, हे लक्षात ठेवून भरत राहायला हवं. तेवढी शिस्त नसेल तर ट्यूबच बरी. मी स्वतः ट्यूबच वापरतो, आळशी आहे.

हे सगळं ठरलं की फ्रेमकडे येऊ. फ्रेमवाल्याला सांगा: मडगार्डसह ३५, मडगार्डशिवाय ३८ मावलं पाहिजे.

चेनस्टे. तयार एंड्युरन्स फ्रेमांत ५२ मापापासून ६१ पर्यंत तो बहुतेक ४१५ ते ४२० मिलिमीटरच असतो. पुढचा भाग मापागणिक वाढतो, मागचा तिथेच. परिणामी उंच माणूस मागच्या आसावर चढून बसतो. घाटात पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं आणि सगळे खड्डे मणक्यात जातात. तुमच्या आराखड्यात ४२० लिहिलंय. ते ४३५ करून घ्या. मापाची फ्रेम बनवून हेच जर तयार फ्रेमसारखं ठेवायचं असेल तर पैसे कशाला घालवायचे?

सीटची उंची. इनसीमला ०.८८३ ने गुणलं की बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ८२ सेंटिमीटर येतात. हा आकडा सुरुवात म्हणून चांगला, धर्म म्हणून नाही. एवढ्या उंचीवर सीटट्यूबचा कोन एक अंशाने बदलला तरी सीट सुमारे दीड सेंटिमीटर पुढेमागे जाते. लहान फ्रेमवर हाच अंश फारसा जाणवत नाही. आराखड्यातला ७३.५ अंश तुम्हाला पुढे ढकलतो आणि भार हातांवर येतो. बधिरपणाचं अर्धं कारण सध्याच्या सायकलवरही हेच असावं. ७२.५ घ्या.

हँडलची उंची काढू. सीट जमिनीशी समांतर धरली तर ती बीबीच्या वर साधारण ७८ सेंटिमीटर. लांब पल्ल्याला हँडल सीटपेक्षा चार सेंटिमीटर खाली ठेवा, त्याहून नको. टेलिव्हिजनवर दिसणारा इटालियन शर्यतपटू फिलिप्पो गान्ना नेमका तुमच्याच उंचीचा, १.९३ मीटर, पण तो लवचीक, त्याचा दिवस पाच तासांत संपतो आणि मसाज द्यायला माणूस असतो. ११० चा स्टेम, दोन सेंटिमीटर स्पेसर असा उलटा हिशोब केला की स्टॅक (बीबीपासून हेडट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या, माथ्यापर्यंतची उभी उंची) ६६ ते ६७ सेंटिमीटर येतो. तुमच्या आराखड्यात ६३ आहे, म्हणजे पुन्हा स्पेसरचा मनोरा. तो नको, कारण लांब स्टिअररचं (हेडट्यूबमधून वर येणाऱ्या फोर्कच्या दांड्याचं) उघडं टोक हा शिमीचा एक भागीदार असतो.

इथे एक खड्डा आहे ज्यात चांगले चांगले पडलेत. ६७ चा स्टॅक म्हणजे हेडट्यूब सुमारे २४ सेंटिमीटर. हेडसेटचे वरचे-खालचे कप दीडएक, स्पेसर दोन, स्टेमची पकड चार. बेरीज साडेएकतीस. आणि बाजारातल्या बहुतेक कार्बन फोर्कचा स्टिअरर येतो ३० सेंटिमीटरचा. फ्रेम रंगून घरी आल्यावर हे कळलं तर डोक्याला हात लावण्याशिवाय काही उरत नाही. म्हणून आधी फोर्क हातात घ्या, स्टिअरर मोजा. ३५ सेंटिमीटरचे स्टिअरर देणारे थोडे आहेत, शोधावे लागतात. नाहीच मिळाला तर स्टेम उलटा, वर चढणारा लावा. त्याने दोन सेंटिमीटर वाचतात आणि स्पेसर काढता येतात. देखणेपणाच्या नावाखाली लोक नाक मुरडतील. मुरडू द्या.

फोर्कचा रेक (चाकाचा आस स्टिअररच्या रेषेपुढे किती) ४७ मिलिमीटर, हेडचा कोन ७२.५, टायर ३२ असेल तर ट्रेल (टायर जमिनीला टेकतो ती जागा त्याच रेषेमागे किती) ५९ च्या आसपास येतो. सायकल सरळ धावायला आवडेल इतपत, आणि वळायला कंटाळणार नाही इतपत. बीबी ड्रॉप (बीबी चाकांच्या आसांखाली किती) ७५. क्रँक (पेडलचा दांडा) १७५ ठेवा. इनसीमच्या सूत्रांनी पाहिलं तर तुम्हाला २०० ची क्रँक निघते. कोलोरॅडोतला लेनर्ड झिन, जो स्वतः साडेसहा फुटांचा आहे, अशा लांब क्रँक खरंच बनवून देतो. पण मग बीबी वर उचलावा लागतो आणि बिघाड झाला तर तसा भाग उभ्या महाराष्ट्रात मिळणार नाही. १६५ च्या आखूड क्रँकच्या सध्याच्या लाटेतही वाहून जाऊ नका. गिअर मागे ३४ किंवा ३६ दाती, पुढे लहान चकती ३० ते ३४. यावर जास्त लिहीत नाही.

आता शिमी. ते थरथरणं भुताटकी नाही आणि बहुधा तुमच्या हेडसेटचा दोषही नाही. उंच सीटवर जड माणूस, लांब फ्रेम, बारीक नळ्या, वर लटकलेली पिशवी: हे सगळं मिळून एक स्प्रिंग तयार होते आणि विशिष्ट वेगाला ती स्वतःच्या तालावर हलू लागते. थंडीने अंग कुडकुडत असेल तर आणखी सोपं. पुन्हा झालं तर ब्रेक गच्च दाबू नका. गुडघा वरच्या नळीला दाबून धरा, बूड सीटवरून किंचित उचला, मग हळूहळू वेग कमी करा.

फ्रेमपुरता उपाय नळ्यांचा व्यास. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्मंच ताठ असतं. वजनही निम्म्याच्या थोडं वर. त्यामुळे स्टीलच्याच व्यासाची टायटॅनियम नळी घेतली तर हलकी पण लवचीक फ्रेम होते. पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास ३१.८ वरून ३८ केला की ती पिळायला आणि वाकवायला जवळजवळ पावणेदोनपट जड जाते. तुमच्या आराखड्यात डाउनट्यूब (हेडट्यूबपासून बीबीकडे उतरणारी नळी) ३५ आहे. मध्यम उंचीच्या माणसाचा आराखडा ताणून मोठा केलाय, हे यावरूनच कळतं. टायटॅनियममध्ये किमान ४२ मागा, टॉपट्यूबही एक पायरी जाड, हेडट्यूब टेपर्ड (खाली रुंद). स्टीलमध्ये ३८ पुरेल, आणि खरं सांगू, बजेट ताणलं जात असेल तर स्टील घ्या. वाचलेले पैसे डायनॅमो आणि चांगल्या हबला लागतील.

यातही आपले जुने कारखानदार पुढे होते. २२ इंची काळ्या सायकलला एकच आडवी दांडी, पण २४ इंची मोठ्या फ्रेमला डबल बार. उंच फ्रेमचा पुढचा चौकोन लांब होतो आणि पिळतो, म्हणून दुसरी दांडी. आमच्या आजोबांची डबल बार होती; आम्हा पोरांना वाटायचं ती दुसरी दांडी आम्हाला बसायला आहे.

सीटपोस्ट २७.२ चा ठेवा, तो थोडा लवतो आणि पाठीला बरं वाटतं. फक्त टॉपट्यूबचा उतार फार तीव्र करू नका, नाहीतर ३० सेंटिमीटर पोस्ट बाहेर लोंबेल. बाहेर जेवढा पोस्ट, तेवढी मागची पिशवी जास्त झुलते.

पुढचा क्रम असा ठेवा. फोर्क आणि टायर आधी विकत घ्या. मग सुधारलेला आराखडा फ्रेमवाल्याकडून मागवा, नळ्यांच्या व्यासासह. नुसत्या कोन-लांबीच्या तक्त्यावर समाधान मानू नका. चाकं त्या काळात विणून होतील. नवं चाक पहिल्या दोनतीनशे किलोमीटरांत बसतं, तेव्हा ते परत आणून ताण मोजून घ्या, टेन्शन मीटरवर, बोटाने टिचकी मारून नाही. आणि स्पोकच्या लांब्या तीन निघतील: मागची डावी, मागची उजवी, पुढची वेगळी. प्रत्येकी दोन जादा स्पोक मागून घ्या आणि डाव्या चेनस्टेला टेपने गुंडाळून ठेवा. ब्रेस्टच्या वाटेवरच्या एखाद्या फ्रेंच खेड्यात रविवारी दुकान बंद असणार, आणि २९४ ऐवजी २९२ चा स्पोक आणलात तर तो काही ऐनवेळी लांब होत नाही.